तीन गॅलन

पंप बंद पडून एकोणतीस वर्षं झाली.
मशिनं गेली, चौथरे राहिले,
चौथऱ्यांतून वर आलेले गंजके बोल्ट.
गॉर्डी पेल्टो यंत्राचा खांब उभा करतो,
हातोडा सुरू होतो
आणि नोव्हेंबरची सगळी सकाळ
दात वाजवत बसते.

चार-चार फुटांनी माती वर येते, पारदर्शक नळीत.
मी ती टेबलावर निजवते, चाकूने उभी चिरते.
शून्य ते चार: भराव, विटेचे तुकडे, बाटलीचं एक बूच.
चार ते आठ: तांबूस वाळू,
सुपीरियर सरोवर इथवर होतं तेव्हाची.
आठ ते बारा: तीच वाळू, पण करडी.
इतकी वर्षं श्वास कोंडला
की माती अशी होते.

चिमूटभर पिशवीत घालते, तोंड आवळते,
कोटाच्या आत धरून तिला ऊब देते,
मग मीटरचं नाक खुपसते.
चारशे. नऊशे.
पुढे मीटर आकडा सांगायचंच सोडतो.
वास घ्यायचा नाही असा नियम आहे.
मला तो नळी फोडतानाच आला होता,
गोडसर, लहानपणी मागच्या सीटवरून
काच खाली करून मुद्दाम घ्यायचे तोच.

दुपारी आउने केम्पाइनेन आल्या, वय एक्याऐंशी,
एका हातात थर्मास, काखेत पुठ्ठ्याचा खोका.
‘उर्होच्या वह्या. पत्रात जुने कागद मागितले होतेत ना.’
रोज रात्री तो टाकीत काठी बुडवायचा,
ओल कुठवर आली ते बघायचा,
दिवसाची विक्री वजा करायचा
आणि टोकदार पेन्सिलीने लिहायचा.
१९७९, मार्च. तीन गॅलन कमी.
तीन कमी. तीन. दोन. चार.
एप्रिलभर तीन.

कुठेतरी पाणी मुरत होतं हे त्याला कळलं होतं.
मुरतं ते जमिनीतच, एवढं मात्र सुचलं नाही.

अकरा मे. आकड्याच्या जागी ओळ:
लायल बुशारला आज कामावरून काढलं.
बारा मे. तीन गॅलन कमी.
तेरा तारखेपासून तो रकाना कोरा.
मी पानं उलटत गेले. जून, जुलै, पुढचं वर्ष.
विक्री आहे, हवामान आहे, टायरचे भाव आहेत.

‘सतराचा होता,’ आउने म्हणाल्या.
‘त्याची आई चर्चमध्ये माझ्या शेजारी उभी राहून गायची.
नंतर मागच्या रांगेत जायला लागली.’
त्यांनी थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली,
माझ्यासमोर धरली.

तीन विहिरींतलं पाणी मोजलं की उतार कळतो.
शंभर फुटांना पाच इंच, ईशान्येकडे.
ईशान्येला एक पिवळं घर, ओसरीवर रचलेली लाकडं,
तिथूनच त्या चालत आल्या होत्या.
तिसऱ्या विहिरीतून काढलेल्या पाण्यावर
बदकाच्या मानेचा रंग तरंगत होता.
मी झाकण दोन्ही हातांत धरून राहिले.
ऊब चांगली होती.
‘उद्या तुमच्या नळाचं पाणी घेईन,’ म्हटलं,
‘तोवर विकतचं प्या.’
त्यांनी झाकणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
काही न बोलता ते परत घेतलं
आणि बोल्टांपाशी ओतून टाकलं.

बाटली काठोकाठ भरायची, बूच लावून उलटी करायची.
आत बुडबुडा दिसला तर नमुना बाद.
मग सहीचा कागद:
कुणी कुणाला दिलं, किती वाजता,
प्रयोगशाळेपर्यंत एकही हात नोंदीवाचून सुटत नाही.

‘यात त्याचं येईल का?’
अहवालात रकाने ठरलेले:
खोली, रंग, वास, बेंझिन.
मी ‘जागेचा इतिहास’ काढते
आणि लिहिते, तूट बारा मेलाही होती.
वरचे लोक कदाचित खोडतील.

गॉर्डी नळ्या धुतोय.
‘लायल? डुलुथला असतो वाटतं,’ तो म्हणतो,
पाण्याचा नळ बंद करतो.
‘की तो त्याचा भाऊ?’