सीमा दाखवण्याचं भाडं

पंधरा युरो माणशी, मुलांना निम्मे.
पाटीवर ‘सीमा’ असा शब्द नाही.
पाटीवर एवढंच: सकाळी सहा, हार्डचा धक्का, गरम कपडे घालून या.
पण ही माणसं पाटी वाचून येत नाहीतच.
नकाशा वाचून येतात.

लांबूनच ओळखते मी त्यांना. नावेत पाय टाकताना
पाण्याकडे बघत नाहीत, मांडीवरच्या कागदाकडे बघतात.
बोट ठेवून बसतात बोडनझेच्या निळ्यावर,
नाडी बघावी तसं.

मागे दोघे भाऊ आले, एस्टोनियाचे.
कुठल्याशा गावात म्हणे सीमा
एका घराच्या दारातूनच जाते, तिथे जाऊन आलेले.
एकाने दुसऱ्याला उंबऱ्यावर उभं करून काढलेला फोटो
मला तीनदा दाखवला. तिन्ही वेळा मी म्हटलं, वा.

इथे तसं नाही. इथे रेघच नाही.
स्विस म्हणतात, मधोमध.
आम्ही म्हणतो, पंचवीस मीटर खोलीपर्यंत ज्याचं त्याचं,
पुढचं सगळ्यांचं.
जर्मन काहीच म्हणत नाहीत, आणि तेही एक म्हणणंच.
फेल्खन मासा मात्र तीन वर्षं धरायचा नाही,
यावर तिघांचं झटक्यात जमलं.
म्हणून तर माझी जाळी खुंटीवर,
आणि नावेत तुम्ही.

वेंडेलिन ओबरहाउजर दर जूनमध्ये येतात.
रेल्वेत वेळापत्रकं छापायचे. आता डबा घेऊन हिंडतात,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत बोडनझेचे अकरा नकाशे.
एकात ठिपक्याठिपक्यांची रेघ तळ्याच्या मधून जाते.
एकात ती काठाला येते आणि थांबते,
दाताने तोडलेल्या दोऱ्यासारखी.
‘हा बघा,’ ते म्हणतात, ‘हा छापणारा प्रामाणिक होता.’

या वेळी त्यांनी जागा काढून आणली होती.
तीन देशांचा बिंदू, स्वतःच्या हिशोबाने.
मोटार बंद करा, म्हणाले. केली.
धुकं होतं. बाकीच्यांचे फोन वाजले,
ऑस्ट्रियात स्वागत. स्वित्झर्लंडमध्ये स्वागत.
पुन्हा ऑस्ट्रियात. मग जर्मनीत.
नाव तर जागची हलली नव्हती.
सगळे टाळ्या वाजवत होते, एक मुलगी रडकुंडीला आली
कारण तिच्या फोनची बॅटरी संपली
आणि तिचं कुठेच स्वागत झालं नाही.

वेंडेलिनकडे फोन नाही.
ते वाकून पाण्यात बघत राहिले. मग हळूच,
‘फ्राऊ हेम्मा, तुम्ही कुठे काढली असती?’

काठी मारून पाणी दुभंगत नाही, असं आई म्हणायची.
पण आईनेही पाहिली होती ती जागा.
मी मोटार लावली, त्यांना ऱ्हाईनच्या मुखाकडे नेलं.
तिथे बर्फाचं वितळलेलं, राखट पाणी
तळ्यात शिरतं आणि एकदम खाली बुडी मारतं.
वर राहते एक रेघ.
इकडे राखट, तिकडे हिरवं,
मध्ये अडकलेल्या फांद्या, एक बाटली, बदकाचं पीस.

ते बराच वेळ बोलले नाहीत.
मग, ‘पण ही हलते.’
‘हो. काल त्या खांबापाशी होती.’

त्यांनी डबा उघडला, प्रामाणिक नकाशा काढला,
पेन्सिलला थुंकी लावली
आणि नाव डोलत असताना, हात कापत असताना,
एक वेडीवाकडी रेघ ओढली. खाली तारीख घातली.
असं काम मी कोणाला देवळातही करताना पाहिलं नाही.

‘पुढच्या जूनला परत,’ धक्क्यावर उतरताना म्हणाले.
‘या. पण खोडरबर आणू नका.’

पंधरा युरो घेतलेच मी.
डिझेल काय सीमेवर फुकट मिळतं?
पण घरी जाऊन हात धुताना
बेसिनमध्ये पाणी साबणाने पांढरं झालं,
आणि मी नळ थोडा वेळ
बंदच केला नाही.