पुस्तकात सापडलेलं

चिलोएच्या समुद्रातलं एक बेट, नकाशावर शितभर.
वाचनालय म्हणजे एक खोली, एक लाकडाची चूल,
अकराशे चाळीस पुस्तकं
आणि मी, ओतीलिया गिनेओ, अर्ध्या पगारावर.

नगरपालिकेनं कपाटालाही पैसे दिले नाहीत,
मग भाच्यानं फोनवर फुकटचा तक्ता मांडून दिला :
कुठलं पुस्तक कुणाकडे, घरबसल्या दिसेल सगळ्यांना.
दिसलं.
पहिल्याच आठवड्यात एलेउतेरिओच्या बायकोनं विचारलं,
बाळंतपणाचं पुस्तक नवऱ्यानं कुणासाठी नेलंय,
आमची तर साठी उलटली.
मेंढीसाठी गं, तो म्हणत राहिला, मेंढीसाठी.
त्या रात्री मी नावांचा रकाना झाकला.

मग गोष्टी. रोज आठ वाजता एक प्रकरण
फोनमध्ये वाचायचं आणि गटावर सोडून द्यायचं.
सिग्नल फक्त देवळाच्या पायऱ्यांवर,
तिथं माणसं पावसात फोन उंच धरून उभी
आणि माझा खोकलाही ऐकत असलेली.
मासळीच्या कारखान्यातल्या मुली म्हणायच्या,
खोकला काढू नका, त्यावरून कळतं तुम्हीच आहात.

शुक्रवारी एक फोटो : पुस्तकात सापडलेलं.
वाळलेलं नेच्याचं पान. लाँचचं तिकीट.
बटाट्याच्या नऊ जातींची यादी, दोन खोडलेल्या.
माशाचं खवलं, सत्तावन्नाव्या पानावर, अजून चमकणारं.
खाली लाल बदामांची रांग लागायची
आणि मी, खोटं कशाला बोलू, ते मोजायची.

मग मधमाश्यांच्या पुस्तकातून ती चिठ्ठी पडली.
‘लाँच सहाला सुटते.
पाचपर्यंत मी धक्क्यावर आहे.
तू आलीस तर मी जाणार नाही.’
सही नव्हती. मी फोटो काढला, सोडून दिला.

संध्याकाळपर्यंत चारशे बारा जणांनी पाहिली.
बेटावर माणसं दोनशे सहा.
उरलेली पुंता अरेनासहून, सांतियागोहून,
जिथं जिथं आमची माणसं पोटामागं गेली तिथून.
कुणी लिहिलं, ही आडवी रेघ जुन्या मास्तरांची.
कुणी लिहिलं, मास्तर गेले ना त्याच साली?
कुणी नुसतं लिहिलं, अरे देवा.

सोमवारी एर्मिंदा ओयार्सो आल्या.
वय चौऱ्याहत्तर, फोन नाही,
अंडी घ्यायला गेल्या तिथं कुणीतरी दाखवलेलं.
ओला कोट न काढताच चुलीपाशी उभ्या राहिल्या.
‘काढून टाक ते.’
मी काढलं. अंगठ्याचं काम.
पण अंगठ्यानं चारशे बारा जणांच्या डोळ्यांतून कसं काढायचं,
हे भाच्यानं शिकवलं नव्हतं.

‘कुठलं पुस्तक?’
मी दिलं.
‘कुठलं पान?’
अठ्ठ्याऐंशी.
त्यांनी पान वाचलं, चिठ्ठी नाही.
मग मागच्या कव्हरावरचे शिक्के पाहिले, बोट ठेवून :
नेलं सोमवारी, आणलं गुरुवारी.
‘वडिलांनी मधाच्या पेट्या आणल्या होत्या,
त्यांच्यासाठी दे, असं म्हणून त्यानं हातात दिलं.
मी वडिलांना दिलं.
त्यांना वाचता येत नव्हतं.
आणि मी’, त्या म्हणाल्या,
‘मी उघडलंच नव्हतं.’

चुलीतलं लाकूड फुटलं. मी उगाच ढोसलं त्याला.
त्यांनी विचारलं, पंधरा दिवसांसाठी नेता येईल का?
तक्त्यात नाही लिहिलं.
जुनी वही काढली, बोरूसारखं झालेलं पेन झटकलं,
नाव, तारीख. परतीची तारीख कोरी.

आता पुस्तक परत आलं की
मी आधी दार लोटून घेते, मग ते झटकते.
शुक्रवारी चुलीचा फोटो टाकला :
आज काही सापडलं नाही.
एकतीस बदाम आले.
आणि कारखान्यातल्या एका मुलीनं विचारलं,
त्या मेंढीचं काय झालं हो?

एलेउतेरिओनं स्वतः उत्तर दिलं, देवळाच्या पायरीवरून :
दोन झाली. एक काळं.