सोळाशे तास

तीस वर्षं मी टिनाचे कूलर बनवले.
सिंदेवाहीपासून नवरगावपर्यंत
उन्हाळ्यात जो खिडकीत घरघरतो
तो बहुतेक माझा.
माझ्या कूलरवर कधी तारे नव्हते.
पाण्याच्या टाकीजवळ, आतून, खिळ्यानं कोरायचो:
मा. गु., आणि साल.

आणि परवा ब्रह्मपुरीच्या दुकानात
दुसऱ्याची यंत्रं पाहून राहिलो होतो,
हात मागे बांधून,
न बोलावता लग्नघरी गेल्यासारखा.

दुर्पताला जी नवी गोळी सुरू झाली
तिच्यानं घामच येत नाही.
कातडी तव्यासारखी, कोरडी.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खोली थंड ठेवा,
मृगानंतरही, दमटातही.
दमटात माझा कूलर काय करणार?
पाणी पडलं की वाऱ्यालाच घाम फुटतो,
वाळा बदला नाहीतर मोटर बदला.

डांगे दुकानदार म्हणाला,
"पाच तारे घ्या काका, डोळे मिटून."
भाची प्रणाली, आयटीआय झालेली,
डोळे उघडे ठेवून लेबलापुढे उकिडवी बसली.
"मामाजी, तारे मंग मोजा.
आधी हा आकडा पाहा, वर्षाचे युनिट.
अन् खाली बारीक काय लिवलं हाये?
सोळाशे तासांसाठी."

सोळाशे.
कोणी बसून मोजला असेल हा उन्हाळा,
कोणत्या गावच्या ओसरीत?
दिवसाचे अठरा तास धरले
तर होळीला सुरू झालेले सोळाशे
मृगाच्या आतच संपतात आमच्याकडे.

तीन तारे आणि पाच तारे, मधात नऊ हजार.
प्रणालीनं पावतीच्या पाठीवर मांडलं:
अडीचशे युनिट कमी, युनिटला आठ रुपये.
"साडेचार वर्षांत फिटते.
तुमचे तास जास्त, म्हणून अजून लवकर."
मी हो म्हणालो.
मी दुसरंच मांडत होतो,
दुर्पताची साडेचार वर्षं,
आणि त्याला पावतीची पाठ पुरत नव्हती.

कोपऱ्यात एक स्वस्त मशीन होती. तिलाही पाच.
"साल पाहा मामाजी, जुनं लेबल हाये.
नेम कडक झाले. आज तपासली
तर चार भेटन, नाही तं तीनच."
ताऱ्यांनाही मुदत असते
हे मला साठाव्या वर्षी कळलं.

मग तिनं विचारलं, छत कायचं हाये?
छत टिनाचं. मीच ठोकलेलं.
डांगे हसला, म्हणून दीड टन घ्या म्हणतो.

घेतली नाही त्या दिवशी. घरी आलो.
टिनावर चुन्याचे तीन हात दिले,
खाली बांबूच्या ताट्या मारल्या,
दाराखालच्या फटीला
जुन्या कूलरचं रबर कापून लावलं.
दुर्पता खाटेवरून पाहत होती.
"एवढं काऊन करून राहिले?"
म्हटलं, तारे लावून राहिलो.

आठ दिवसांनी एक टनाची आणली, चालू सालची.
डांगेनं बिल लिहिलं, चहा विचारला नाही.

पहिल्या रात्री कळलं, तिला आवाजच नाही.
तीस वर्षं मी घरघरीत झोपलो;
इतक्या शांततेत
दुर्पताचा श्वास ऐकू येतो,
आणि दोन श्वासांमधली जागाही.

उठून ओसरीत आलो.
मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता,
बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट.
मोजायला बसलो. चारशेवर चुकलो.
मग माझा जुना कूलर लावला, पाणी न टाकता,
फक्त आवाजासाठी.

आतून हाक आली,
"दार लावून घ्या ना, थंडी जाते."