अर्धा तास थांबायचं

खारघरला, सेक्टर बारातल्या आमच्या केंद्राच्या गच्चीवर
एक यंत्र आहे. मिनिटाला दहा लिटर हवा ओढतं
आणि चिकट फितीवर वाऱ्याची हजेरी घेतं.
ती हजेरी मोजणं माझं काम. पराग किती, बुरशी किती,
पामबीच रोडचा काळा भुगा किती.
उरलेल्या वेळात सुया.

झोर्याना आली तेव्हा फाइलवर होतं :
वय त्रेचाळीस, सैद्धांतिक भौतिकी, पाहुणी संशोधक,
गाव खार्किव. दिवसाला शिंका : मोजल्या नाहीत.
हे शेवटचं उत्तर तिच्याच अक्षरात, जरा रागीट.

तिच्या हातावर पेनाने चौकोन आखले,
चौकोनात थेंब, थेंबातून टोच.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
लोक तेवढ्यात मोबाइल बघतात. ती यादी वाचत बसली.
देवनागरी नुकती शिकलेली, शब्दाखाली बोट ठेवून :
धू-ल. झु-र-ल. सु-बा-भू-ल.

"ळ," मी म्हटलं. "जीभ मागे वळवा. ळ."

आणि माझ्या तोंडून पालवेबाई बोलल्या.
करावे गावची शाळा, दुसरी ब,
पाटीवर पन्नास वेळा कमळ, नळ, बाळ,
कारण मी म्हणाले होते, बाई, माझा डोला दुखतंय.
वर्ग हसला. सिडकोच्या बिल्डिंगमधली पोरं आधी,
मग आमचीच, आगऱ्यांची, जास्त जोरात.
तेव्हापासून घरात एक जीभ, उंबऱ्याबाहेर दुसरी.
पीएचडीच्या तोंडीला बाहेरची नेली.
घरची आता आईच्या फोनपुरती, तीही दार लावून.

सुबाभळीचा चौकोन फुगला. नऊ मिलिमीटर.

मग दर गुरुवारी इंजेक्शन.
सुरुवातीला इतकं पातळ, की आत सुबाभूळ आहे
हे फक्त बाटलीला ठाऊक. मग थोडं जास्त. मग अजून.
टोचल्यावर अर्धा तास थांबायचं,
अंगाने कांगावा केलाच तर आम्ही जवळ हवेत.
"माझ्याकडेही हेच," ती म्हणाली.
"सुटतं ते गणित आधी सोडवायचं,
मग त्यात चिमूटभर त्रास घालायचा
आणि बघायचं, उत्तर किती हललं."

सहाव्या गुरुवारी, न विचारता, सांगत सुटली.
घरी रशियन, शाळेत रशियन, प्रेमपत्रंसुद्धा.
युक्रेनियन म्हणजे बाजारात बटाटे विकणाऱ्या बायांची.
मग तळघरातल्या अकरा रात्री.
बाराव्या सकाळी पावाच्या रांगेत
तिने पहिलं वाक्य त्या भाषेत टाकलं. चुकलेलं.
मागच्या म्हाताऱ्याने दुरुस्त केलं, हसला नाही.
"ग होता तिथे ह म्हणायचं, घसा सैल सोडून.
एवढ्या एका अक्षराला आठ महिने."
आता स्वप्नंही त्याच भाषेत पडतात म्हणे,
पण आकडेमोड अजून जुन्यात होते. शिव्याही.
"तिथवर डोस पोचला नाही." आणि शिंकली.

मी विचारलं, पण त्या जुन्या भाषेचं काय चुकलं?
बराच वेळ ती दंडावरचा कापूस दाबत राहिली.
"काही नाही. परागाचं तरी काय चुकतं?"
मग म्हणाली, "पण शिंक येते."

यावर लिहिण्यासारखं रजिस्टरमध्ये रकाना नाही.

परवाच्या गुरुवारी तिला टोचलं, वेळ लावली,
तेवढ्यात आईचा फोन. हातात मोजे, म्हणून स्पीकरवर :
"कई येशील गो? म्हावरा साफ करून ठेवलंय."
दार सताड उघडं. बाहेर बाकावर सात जण,
कोपऱ्यात पेणहून आलेला नवा शिकाऊ मुलगा.
इंग्रजीत "नंतर करते" म्हणणार होते, रोजच्यासारखं.

"येतंय रातला," म्हटलं. "सकालपासून डोला फरफरतंय माझा."

मुलाने मान वर केली. झोर्यानानेही,
तिने ल ओळखला असावा.
माझे कान तापलेले, गळ्याशी लाली चढत असलेली कळत होती.
घड्याळात बघितलं.
नऊ मिनिटं झाली होती.