तोंड भिंतीकडे

डब्लिनहून रेडिओचा माणूस आला,
गुडघ्यावर वही ठेवून विचारू लागला :
नाप्लामध्ये असं काय होतं?
आवाज?
म्हटलं, आवाज काय,
बंदरावर लिलाव पुकारणाऱ्या मार्टीनलाही आहे.

एकवीस वर्षं तिच्या शेजारी उभं राहून
मी बांगडे चिरले.
रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंत बूट,
बर्फाच्या पाण्यात बधिर झालेली बोटं.
कामावर ती कधी गुणगुणलीसुद्धा नाही.
एका नव्या पोरीने फारच आग्रह धरला तेव्हा म्हणाली,
"कशाला? या माशांनी काय वाकडं केलंय तुझं?"

गायची ती रात्री, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
किटली उतरवलेली, कुत्रं टेबलाखाली,
कुणीतरी हळूच म्हणायचं, नाप्ला, एक होऊ दे.
ती नाही म्हणायची.
दुसऱ्यांदाही नाही.
मग खुर्ची फिरवायची,
तोंड भिंतीकडे,
आणि एक हात मागे, रिकामा, आमच्या बाजूला.
आमच्याकडे रीतच आहे तशी :
शेजारच्याने तो हात धरायचा
आणि गाण्याबरोबर हळूहळू फिरवत राहायचा,
जात्याचा खुंटा फिरवावा तसा.
बहुतेक वेळा तो शेजारचा मी असे.

तेव्हा हे लिहून घ्या, म्हटलं.
अवघड जागा जवळ आली की तिचा हात जड व्हायचा,
भरली बादली वर येताना दोर होतो तसा.
आता मुरकी घेणार, असं मनगटाला कळायचं,
आणि ती घ्यायचीच नाही.
सरळ पुढे जायची.
ती न घेतलेली मुरकी
माझ्या हाताला अजून लागते.

त्याने लिहिलं : संयम.
मी म्हटलं, खोडा ते.

आमच्या गावचं एक गाणं आहे,
मीठ आणायला गेलेल्या पाच भावांचं.
एकोणीस कडवी. होडी परत येत नाही.
ते नाप्लानेच म्हणावं, असं सगळे म्हणत.
म्हणूनच तिला स्पर्धेला पाठवली,
आम्ही दोन गाड्या भरून मागोमाग.
ती मंचावर गेली, सभागृहाकडे पाहिलं.
तिसऱ्या रांगेत डीलिया बसलेली,
जिचा कोमीन त्या फेब्रुवारीत
खेकड्यांचे पिंजरे उचलायला गेला होता.
नाप्लाने शेळी हरवलेल्या पाद्र्याचं गाणं म्हटलं.
लोक हसले. पदक बेल्मलेटच्या मुलीला.
परीक्षकांच्या कागदावर शेरा होता : निवड चुकली.
तो कागद तिने चुलीवर, किटलीखाली घालायला वापरला.

त्यानंतर अकरा वर्षं,
डीलिया ज्या घरात असेल
त्या घरात ते गाणं नाही.
कुणी त्यावर बोललं नाही. बोलण्यासारखं काय होतं त्यात?

मग माझ्या आईच्या मयताची रात्र.
नाप्लाने खुर्ची फिरवली, हात मागे केला,
मी तो धरणार, इतक्यात
डीलियाने मला खांद्याने बाजूला सारलं.
हात धरला. म्हणाली, "म्हण आता."

तेराव्या कडव्यावर नाप्ला थांबली.
विसरली की गळा दाटला, मला विचारू नका.
आणि डीलिया, जिने जन्मात चर्चमध्येसुद्धा तोंड उघडलं नव्हतं,
ती पुढचे शब्द बोलू लागली.
सूर नाही, काही नाही.
दूधवाल्याचा हिशेब सांगावा तसे.
नाप्ला तिच्या मागून आली,
पण खालून.
आवाज इतका बारीक केला, इतका खाली नेला,
की ती खरखर वर राहावी.
शेवटपर्यंत तशीच.
एवढी मोठी बाई,
दुसरीच्या घोगऱ्या शब्दांखाली सतरंजीसारखी अंथरलेली.

रेकॉर्डिंग आहे का, त्याने विचारलं.
नाही.

माझे दोन्ही हात त्या रात्री मोकळे होते,
त्यांचं काय करावं सुचेना,
म्हणून कुत्र्याच्या मानेवर ठेवले.
ते थरथरत होतं.
हे लिहिलंत तरी चालेल.