खरं

अठरा वर्षं मी माणसांना म्हटलं,
डावा गाल. उजवा गाल. नाव, उंची, कुठली बोली.
हात दाखवा. छान.
कळवतो.

अंधेरीच्या त्या खोलीत एक निळा पडदा होता
आणि फरशीवर चिकटपट्टीची फुली.
फुलीवर उभं राहून किती जणांचा घसा कोरडा पडला
याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

वही अजून तीच आहे, मागच्या बाजूनं सुरू केलेली.
गाडी विकली, हे पहिल्या ओळीत.
जनरेटर दिवसावर. डिझेल वेगळं.
एकवीस माणसं, दोन वेळचं जेवण, खासबागच्या शांताक्काकडून.
तिनं बासमती धरला होता, मी खोडून साधा भात केला.
कॅमेऱ्याचं भाडं:
इथं आकडा लिहिला आणि पान दुमडलं.

मदतीसाठी मुंबईच्या कचेरीत गेले, म्हणाले, गाव तिकडलं.
बंगळूरला गेले, म्हणाले, भाषा तिकडली.
चहा दोन्हीकडे चांगला होता.
शहापूरच्या एका सराफानं पटकथा
हातावर तोलून पाहिली, आणि म्हणाला, "कळवतो."
मी त्याच्याकडे बघत राहिले. डावा गाल. उजवा गाल.
वाईट नव्हता.
सावकाराच्या भूमिकेला घेतला असता.

भरमा किल्लेकर. वडगाव. यंत्रमाग. पाच फूट चार.
बारा वर्षांपूर्वी तो फुलीवर उभा होता,
रात्रभर एसटीत बसून, कुंद्याचा डबा घेऊन आलेला.
"मी आलो होतो," तो म्हणाला, "खरं तू दार उघडलं न्हाईस."
दिग्दर्शक हसला. हा 'पण'च्या जागी 'खरं' का म्हणतो?
मी टिळकवाडीतली. मला सांगता आलं असतं
की आमच्याकडे असंच म्हणतात,
की आई रोज दारातून ओरडायची, ये आत, खरं पाय धुऊन ये.
मी लिहिलं: बोली अडते.
डबा मात्र आम्ही संपवला.

परवा त्याच्या मागाशेजारी उभी राहिले.
त्यानं माग थांबवला नाही.
खटखटीच्या वर आवाज चढवून सांगावं लागलं
की मुख्य भूमिका आहे, वीस दिवस,
की या वेळी निवडणारीही मी आणि पैसे देणारीही मीच.
धागा तुटला तेव्हा तो वाकला, गाठ मारली,
आणि तसाच वाकलेला बोलला,
"पैसं न्हाईत तर न्हाईत म्हणून सांगा बाई,
खरं 'कळवतो' म्हणू नका."

आज चौथा दिवस. येळ्ळूरच्या शिवारात
जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला.
एकवीस माणसं बांधावर बसली. कुणीतरी शेंगा काढल्या.
मी मनात दिवसाला भागून तासाचा दर काढत होते.
भरमा जागेवरून हलला नाही.
तिथं फुली नव्हती, तांबड्या मातीत त्याच्या टाचांचे दोन खळगे होते.
किल्ल्यावरचं ऊन उतरत होतं, ते बघत तो म्हणाला,
"उजेड हाय अजून, खरं..."

पुढं काही बोलला नाही.
संवादात हे नव्हतं.
कॅमेऱ्याची बॅटरी चालू होती का,
मी अजून विचारलेलं नाही.