तक्ता क्रमांक सहा

ऐरोलीच्या पुलाखाली, ओहोटीला,
हसुराम नाखवा होडी खांबाला टेकवतो
आणि विचारतो, "आज किती चिखल?"
बारा चमचे, मी म्हणते.
तो हसतो. त्याच्या जाळ्यातून
याहून जास्त रोज फुकट गळतो.

बारा चमचे, बारा बाटल्या,
हात-हातभर अंतरावरून.
तिवराच्या मुळांपाशी, खांबाच्या सावलीत,
नाल्याचं साबणपाणी खाडीत उतरतं तिथे दोन.
झाकणावर वेळ लिहायची
आणि घामाचं बोट लागू द्यायचं नाही.

महापेला, तिसऱ्या मजल्यावर,
सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या सारख्याच:
चपलेच्या तळव्यासारख्या, कडेने केसाळ,
स्वतःभोवती गिरक्या घेत जाणाऱ्या.
एकच पेशी, तोच अख्खा देह.
एकीच्या दोन झाल्या की
आई कोणती, हा प्रश्नच उरत नाही.

केसाएवढ्या काचनळीने मी एकीला उचलते.
थेंबातून थेंबात. धुऊन, परत धुऊन.
वाचायचं तर फोडावं लागतं,
याची मला अजून सवय झालेली नाही.
वैराळे मॅडम म्हणतात,
"मग नारळाचं काय करतेस?"

पहिल्या वाचनात निघालं ते असं:
तिने काल खाल्लेले जिवाणू, चौतीस टक्के.
ती स्वतः, बरीचशी.
आणि अडीच टक्के माणूस.
म्हणजे मी. हातमोजे, टोपी, मुखपट्टी, सगळं करूनही मी.
नियमाप्रमाणे मी आधी मला वगळलं.

उरलं ते तुटकं.
एक जनुक धड नाही. चार शब्द, की पूर्णविराम.
अडीच शब्द, की पूर्णविराम.
यंत्राने लाल अक्षरांत लिहिलं: नमुना खराब.
मॅडम कोचीला गेलेल्या. एकवीस दिवस
मी बर्फाला दोष दिला, रसायनाला दिला,
हसुरामच्या डिझेललाही दिला.

बाबा जांभळी नाक्यामागच्या छापखान्यात
खिळे जुळवायचे. उलटी अक्षरं सुलटी वाचायचे.
दिव्याच्या कुणाची तरी हळदीची पत्रिका
नव्या पोराने एकदा शुद्ध करून छापली.
पाचशेच्या पाचशे परत आल्या:
"ही आमची हलद नाय."
बाबांनी त्या रात्री एकट्याने
पाचशे ळ काढून ल बसवले,
म्हणजे बसवला एकच, छापला पाचशे वेळा,
पण सांगताना ते पाचशेच म्हणायचे.
"लिहिणारा कुठला ते आधी बघावं,
मग चूक म्हणावं."

मध्यरात्री अडीचला मी तक्ता बदलला.
पहिला असतो बहुतेक जगाचा:
माणूस, मुंगी, तिवर, नाखव्याची कोळंबी.
सहावा यांच्यासारख्या थोड्यांचा.
त्यात थांबण्याच्या तीन खुणांपैकी
दोन थांबण्याच्या नाहीतच.
साधी अक्षरं आहेत. वाचून पुढे जायचं.

आणि ती पुढे गेली. तुकड्याला तुकडा लागत
लांबच लांब वाक्यं निघाली,
पडद्याच्या कडेबाहेर जाणारी.
मी खुर्ची मागे ढकलली. सांगायला कुणी नव्हतं,
रखवालदार साळुंके होता, त्याला सांगितलं.
तो म्हणाला, "बरं झालं. दिवे मालवू?"

मग बाराही वाचल्या.
डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या बाराजणी,
एकीचं दुसरीशी जुळेना.
बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात,
इथे हातभरावर बदललेली.

मॅडम परतल्या, म्हणाल्या,
"फोन का नाही केलास? पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."
खरंच होतं ते.
तेवढ्यात त्यांचं लक्ष अकराव्या बाटलीकडे गेलं.
साबणपाण्यातली. सहाव्यातही ती बसत नाही,
तुटतेच अजून, भलत्याच ठिकाणी.
बाकीचे तक्तेही लावून झाले.
मॅडम चष्मा काढून बसल्या.
"हा मात्र नमुनाच खराब असेल," म्हणाल्या,
पण टाकून दे म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी ओहोटी पहाटे पाच चाळीसला.
पाण्यावर रोहितांची गुलाबी रांग, उपाशी.
"आज किती चिखल?"
दोन चमचे, मी म्हणते.
नाल्यापाशी घे.